अर्ध्यावर थांबलेले समुद्र

सेक्टर ७, भिलाई

प्रिय रेवती,


प्रबंधासाठी लक्ष्मी खोऱ्याचा विषय पक्का झाला हे कळल्यापासून घरात आनंद आहे. आईने शेजारी पेढे वाटले. विषय काय आहे असं ज्यांनी विचारलं त्यांना तिने माझ्याकडे पाठवलं, आणि मीही कुणाला लवकर सोडलं नाही. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी माझं भांडण आहे. 'भिलाईत राहून समुद्राचं काहीच कळलं नव्हतं, गोव्यात येऊन सगळं पहिल्यापासून शिकतेय,' असं तू लिहिलंस. शिक जरूर. पण समुद्र तुला नवा नाही. तू समुद्राच्या तळावरच वाढलीस.

आपल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, हे तुला शाळेत पाठ होतं. त्या भट्टीत काय जातं हेही तू ऐकलेलं आहेस: दल्ली-राजहराचं लोहखनिज, कोक आणि नंदिनीची चुनखडी. चुनखडी नसेल तर खनिजातली सिलिका स्लॅगमध्ये उतरत नाही आणि लोखंड स्वच्छ होत नाही. डोलोमाइट येतं बिलासपूरकडच्या हिर्रीहून. आता नकाशा काढून बघ. नंदिनी आणि हिर्री, दोन्ही ठिकाणं एकाच जुन्या समुद्रात आहेत. छत्तीसगढचं खोरं म्हणतात ते हेच. सुमारे ३३,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले वाळूचे, गाळाचे आणि चुनखडीचे थर, आणि त्यांच्याखाली बस्तरच्या बाजूचा अतिप्राचीन ग्रॅनाइट. आपल्या मागच्या अंगणातली जांभळट फर्शी, जिच्यावर तू लंगडी खेळलीस, आणि दुर्गपासून पुढे खेड्यांत शेताच्या कडेने उभ्या रोवलेल्या दगडी पाट्या, हे सगळं त्या समुद्रात साचलेलं आहे.

दुर्ग-रायपूरकडच्या चुनखडीत कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक घुमट दिसतात ना, ते स्ट्रोमॅटोलाइट. जिवाणूंच्या चिकट थरांवर गाळ बसत गेला, जिवाणू पुन्हा वर सरकले, पुन्हा गाळ बसला, असं करत ते वाढले. त्या जिवाणूंना ऊन हवं असायचं, म्हणून पाणी उथळ असणार. आणि थर तर शेकडो मीटर जाड आहेत. उथळ पाण्यात शेकडो मीटर गाळ कसा मावेल? एकच मार्ग उरतो. तळ सावकाश खचत होता आणि गाळ त्याच चालीने त्याला भरून काढत होता. कोट्यवधी वर्षं पाणी उथळच राहिलं आणि जमीन मात्र खाली जात राहिली. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. इतका वेळ तळ खचला, तरी खालचा ग्रॅनाइट काही दुभंगला नाही. खंड ताणला गेला असेल, वाकला असेल, पण फाटला नाही. इथला समुद्र खंडाच्या पाठीवर आला आणि तिथूनच परत गेला.

तुझ्या लक्ष्मी खोऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न आहे. म्हणून म्हणतो, तू काही पहिल्यापासून शिकत नाहीस.

मुंबई-रत्नागिरीच्या पश्चिमेला, आपल्या खंडाच्या उताराच्या पलीकडे हे खोरं आहे आणि त्याच्या पश्चिमेला लक्ष्मी रिज नावाची पाण्याखालची उंच पट्टी. त्या पट्टीच्या पलीकडे खरा खोल अरबी समुद्र सुरू होतो. रिज म्हणजे भारताचाच तुटून दूर गेलेला तुकडा, असं बरेच जण मानतात. मग भारत आणि हा तुकडा यांच्यामध्ये जी जागा झाली, तिथे तळाशी काय आहे? ताणून पातळ झालेला खंड, की दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या होऊन मधून वर आलेला नवा सागरतळ? पहिलं खरं असेल तर लक्ष्मी खोरं हे छत्तीसगढच्या खोऱ्याचं पुढच्या पायरीवर गेलेलं भावंड. दुसरं खरं असेल तर तो काही काळ चाललेला आणि मग सोडून दिलेला महासागर. कारण नंतर सेशेल्स वेगळं झालं, फाटण्याची रेषा पश्चिमेला सरकली आणि आजचा अरबी समुद्र तिकडे रुंदावत गेला.

हा वाद सोडवायला चुंबकत्व का लागतं, ते मी कारखान्यातल्या माणसाच्या भाषेत मांडून बघतो. चुकलं तर दुरुस्त कर.

मर्चंट मिलमध्ये आम्ही थंड बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी दांडे, मॅग्नेट क्रेनने उचलायचो. भट्टीतून निघालेल्या लाल बिलेटपुढे तोच मॅग्नेट निकामी. ७७० अंश सेल्सियसच्या वर लोखंड चुंबकाला ओढलं जात नाही, आणि बिलेट तर १,२०० अंशांच्या आसपास तापवलेलं असायचं. खडकातल्या मॅग्नेटाइटची ही मर्यादा ५८० अंश आहे आणि हेमॅटाइटची सुमारे ६७५. लाव्हा यापेक्षा कितीतरी गरम बाहेर येतो. निवताना तो ही मर्यादा ओलांडतो आणि त्या घडीला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा त्यातल्या बारीक कणांत पक्की होते. पुढे खंड कुठेही सरको, ती दिशा खडकाबरोबर जाते.

पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटंही होतं. उत्तर-दक्षिण अदलाबदल होते. त्यामुळे दोन तुकडे एकमेकांपासून दूर जात असतील आणि मधून सतत नवा तळ तयार होत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने तयार होतात. ही कल्पना फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी ७ सप्टेंबर १९६३ च्या 'नेचर'मध्ये मांडली. तू हे वाचलंच असशील, पण त्यांच्या हातातली मोजणी कुठली होती हे विसरू नकोस. ब्रिटिश नौदलाच्या 'ओवेन' जहाजाने १९६२ साली आपल्याच समुद्रात, वायव्य हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रिजवर केलेली. सागरतळ कसा वाढतो हे जगाला कळलं त्यातला एक मोठा पुरावा भारत आणि आफ्रिका यांच्या मधल्या पाण्यातून आला. आणि व्हाइन तेव्हा तुझ्यासारखाच संशोधक विद्यार्थी होता.

तुझ्या खोऱ्यातही असे पट्टे सापडले. भट्टाचार्य आणि त्यांच्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ते दाखवले आणि म्हटलं, इथे सागरतळ पसरला होता, हा महासागरच आहे. मधली बंद पडलेली रेषा जिथे असावी त्याच ओळीत रामन, पणिक्कर आणि वाडिया यांच्या नावांचे सागरी डोंगर उभे आहेत. मला हा पुरावा भक्कम वाटायचा. पण २००६ साली कृष्णा, गोपाल राव आणि सार यांनी त्याच खोऱ्याचा दुसरा अर्थ लावला: खंड ताणला गेला, पातळ झाला, फटींमधून लाव्हा आत घुसला, आणि घुसलेल्या लाव्ह्याच्या लांबट भिंतीही वरून पट्ट्यांसारख्याच दिसतात. जहाजाच्या मागे ओढलेल्या मॅग्नेटोमीटरला साडेतीन किलोमीटर पाणी आणि त्याखालच्या किलोमीटरभर गाळातून ओळखू येतं ते एवढंच, की खाली चुंबकत्व कमीजास्त आहे. ते सागरतळाचं आहे की घुसलेल्या भिंतींचं, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

म्हणून २०१५ च्या एप्रिल-मे मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' हे सागरतळ खोदणारं जहाज तिथे गेलं. गोव्यातल्याच राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्रातले धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट असे दोन प्रमुख शास्त्रज्ञ होते. दोन ठिकाणी १,१०० मीटरपर्यंत खोदलं. वाटेत नटराज नावाने ओळखला जाणारा, सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या बाजूने घसरून आलेला अवाढव्य ढिगारा लागला, आणि यू१४५७ या ठिकाणी गाळ संपून खाली बेसाल्ट, म्हणजे निवलेला लाव्हा, मिळाला. मिळालेला बेसाल्ट मात्र थोडाच, काही मीटरांचा. तळ एकदाचा हाती लागला म्हणून त्या जहाजावर काय आनंद झाला असेल, याची मी कल्पना करू शकतो. अवघड भट्टीचा पहिला टॅप निघतो तेव्हा आम्हीही असेच धावायचो.

पण रेवती, बेसाल्ट मिळाला म्हणून महासागर सिद्ध होत नाही. महाराष्ट्राचा सह्याद्री बेसाल्टचाच आहे आणि तो तर खंडाच्या डोक्यावर बसला आहे. मग त्या थोड्याशा दगडाला काय विचारायचं? इथे माझं मुख्य म्हणणं सुरू होतं. चुंबकत्व आहे का, हा प्रश्न दुय्यम. ते कधीचं आहे, हे आधी विचार.

खोल समुद्रातून काढलेला दगडाचा गाभा फिरत वर येतो, त्यामुळे त्याची उत्तर कुठे होती हे कळत नाही. हाती उरतो फक्त झुकाव: चुंबकत्व आडव्याच्या किती खाली किंवा वर झुकलंय. झुकाव आणि अक्षांश यांचं नातं साधं आहे. झुकावाचं टॅन्जेंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जेंटच्या दुप्पट. डेक्कनचे, म्हणजे सह्याद्रीकडचे, बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांच्यात नोंदला गेलेला झुकाव ५० अंशांच्या जवळपास आहे. गणित केलंस तर अक्षांश येतो सुमारे ३०, आणि तो दक्षिणेचा. म्हणजे महाबळेश्वरचा दगड विषुववृत्ताच्या पलीकडे निवला. तुझं खोरं तेव्हा महाराष्ट्राच्या शेजारीच होतं, म्हणून तुझ्या बेसाल्टमध्येही साधारण तेवढाच झुकाव अपेक्षित आहे.

आता अडचण बघ. दक्षिण गोलार्धात क्षेत्र सुलट असताना निवलेल्या दगडाचं चुंबकत्व वर झुकतं आणि क्षेत्र उलट असताना निवलेल्याचं खाली. डेक्कनचा मोठा भाग उलट काळातला आहे, म्हणून तो खाली झुकलेला. पण आज तुझी जागा उत्तर गोलार्धात आहे. आजच्या क्षेत्राचा जो ठसा हजारो वर्षांत त्या दगडावर वरवर बसला असेल, तोही खालीच झुकतो. शिवाय खोदकामाच्या लोखंडी नळीतून वर येताना दगडावर आणखी एक ठसा बसतो, आणि तो बहुतेक वेळा जवळजवळ सरळ खाली असतो. तिन्ही एकाच बाजूला! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, आजचं आणि त्या दिवशीच्या पाइपचं चुंबकत्व एकमेकांत मिसळून एकच आकडा देतं. तो आकडा जसाच्या तसा उचलून अक्षांश काढणारा माणूस मनाजोगतं उत्तर घेऊन घरी जातो.

वेगळेपण फक्त कोनात आणि टिकाऊपणात आहे. जुना झुकाव पन्नाशीच्या जवळ, आजचा तिथे तीस अंशांच्याही आत, पाइपचा फार खडा. म्हणून तो दगड पायरीपायरीने तापवायचा, १००, २००, ३०० अंश, दर वेळी शून्य क्षेत्रात निववायचा आणि काय उरलं ते मोजायचं. नाहीतर वाढत्या प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ठसे उतरवायचे. कच्चे ठसे आधी जातात. शेवटी एका सरळ रेषेत शून्याकडे उतरत जाणारं जे उरतं त्यावरच विश्वास ठेव. रेषा वाकडी आली तर नमुना बाजूला ठेव, तो कितीही मोलाचा असला तरी. तू लहानपणापासून हिशोबाला चोख आहेस, पण थिसिसची तारीख जवळ आली की भलेभले लोक वाकडी रेषा सरळ बघू लागतात.

आणखी एक गोष्ट तुझ्या मार्गदर्शकांशी बोल. पृथ्वीचं क्षेत्र शतकाशतकाला डुलतं. त्याची सरासरी यायला हजारो वर्षांचे लाव्ह्याचे प्रवाह मोजावे लागतात. सह्याद्रीत एकावर एक इतके प्रवाह आहेत की सरासरी नीट बसते. काही मीटर बेसाल्ट म्हणजे मोजके प्रवाह, कदाचित अगदी थोड्या काळातले. तो दगड तेव्हापासून तिरका झाला असेल तर कोनही तेवढ्याने फसवा. मला तरी वाटतं, एवढ्याशा दगडावर अक्षांशाचा निकाल लावू नये. त्याचं चुंबकत्व सुलट आहे की उलट आणि किती प्रबळ आहे, हे वरच्या पट्ट्यांशी जुळतं का, तेवढं तो सांगू शकेल. तेवढंही खूप आहे.

या कामात आपली माणसं आधीच होती, हे तुला कुणी सांगितलं का? केंब्रिजमध्ये टेड आयर्व्हिंगने डेक्कनचे थोडे नमुने मोजून भारत उत्तरेकडे सरकत आला असं म्हटलं, आणि १९५४ साली त्याचा प्रबंध नाकारला गेला. दोनच वर्षांनी लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांच्या चुंबकत्वावर लिहिलं. मग १९५९ मध्ये डेक्कनवरच्या शोधनिबंधात डॉइचबरोबर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे होते, आणि १९६३ साली आठवले, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी भारतातल्या वेगवेगळ्या खडकांची मोजणी प्रसिद्ध केली. खंड सरकतात हे बरेच भूशास्त्रज्ञ अजून मानत नव्हते त्या काळातलं हे काम आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, आणि मराठीत त्यांच्यावर जवळजवळ काही लिहिलं गेलं नाही याचं वाईट वाटतं. तू लिही कधीतरी.

आता माझी मागणी. लक्ष्मी खोऱ्याचं काम करच, पण त्याच्याशेजारी आपलं छत्तीसगढचं खोरं ठेव. ज्याच्याखाली खंड आहे याबद्दल कुणालाच शंका नाही, असं एक खोरं नीट मोजलेलं हाताशी असेल तर संशयातल्या खोऱ्याबद्दल बोलायला जोर येतो. आणि इथे काम बाकी आहे. या खोऱ्याच्या वयाबद्दल केवढा गोंधळ होता! पूर्वी वरचे थर बरेच तरुण मानले जात. मग चुनखडी-शेलच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडले, त्यांतल्या झिरकॉन खनिजाचं वय काढलं गेलं, आणि २००७ साली सारबनी पत्रनवीस-देब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरच्या भागातलीही राख सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची आहे. समुद्र एका फटक्यात कोट्यवधी वर्षांनी म्हातारा झाला. पूर्वेला ओडिशातल्या नुआपाड्याजवळच्या लखना डाइक्सचं, म्हणजे खडकात घुसलेल्या अशाच भिंतींचं, वय सुमारे १४६.५ कोटी वर्षं निघालं आणि पिसारेव्हस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्यांचं पुराचुंबकत्व मोजून तेव्हाचा भारत कुठल्या खंडाशेजारी असावा याचा अंदाज मांडला. २०१५ साली डी कॉक, ब्यूक्स आणि मुखोपाध्याय यांनी दक्षिण भारतातल्या अशा प्राचीन खोऱ्यांच्या चुनखडीवर आणि शेलवर काम प्रसिद्ध केलं. ते तू माझ्याआधी वाच आणि मला समजावून सांग.

इथली अडचण तुझ्या बेसाल्टपेक्षा निराळी आहे. चुनखडीचं चुंबकत्व फार क्षीण असतं, आणि नंतर कधी खडकातून गरम पाणी फिरलं असेल तर नवे लोहकण तयार होऊन जुनी दिशा पुसली गेलेली असते. आपल्या फर्शीचा जांभळा रंग हेमॅटाइटमुळे आहे, पण ते हेमॅटाइट गाळाबरोबर आलं की मागाहून तयार झालं? थर वाकलेले असते तर सोपं होतं. वाकवण्याआधीचं चुंबकत्व थर सरळ केल्यावर एका दिशेत येतं. भिलाईच्या आसपास मात्र थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे ही परीक्षा इथे घेता येत नाही, पूर्वेच्या कडेला जावं लागेल. पण दुसरी एक परीक्षा घेता येईल. चुनखडीत मधूनमधून मोडक्या चपट्या तुकड्यांचा थर असतो, वादळात तळ उखडून पुन्हा साचलेला. त्या तुकड्यांच्या दिशा वाटेल तशा विखुरलेल्या निघाल्या तर चुंबकत्व तुकडे होण्याआधीचं. सगळे एकाच दिशेला निघाले, तर मागाहून आलेलं. असे थर शोधून त्यांच्या खुणा नकाशावर करून ठेवायचं काम मी घेतो. निवृत्त माणसाला वेळ आहे, आणि शिवनाथ नदीच्या काठाने चालायला मला आवडतं.

तू ये ती पावसाळा संपून नदीचं पाणी उतरल्यावर. अडीच सेंटिमीटरचा गाभा काढणारं हातातलं ड्रिल तुझ्या संस्थेतून आण, आणि सूर्यावरून दिशा घेणारा कंपास नक्की आण, कारण राजहराच्या बाजूला चुंबकसुईवर भरवसा ठेवता येत नाही. उघड्या माथ्यावरचा दगड घेऊ नकोस. वीज पडलेली असते आणि तिचा ठसा सगळ्यांत खोडसाळ. खाणीत जायचं तर परवानगीचा अर्ज दोन महिने आधी टाकावा लागेल. तुझ्या मार्गदर्शकांच्या पत्राची प्रत पाठव, म्हणजे इथल्या बाजूने मी लागतो.

आणि तुझ्या त्या पहिल्या नमुन्याचं काय झालं? ३०० अंशांपर्यंत तापवून झालं असं लिहिलं होतंस. ५५० च्या पुढे गेल्यावर झुकाव किती उरला, वर की खाली, ते कळलं की लगेच सांग.

तुझा,
बाबा